तारीख उलटली, फाइल शाबूत

भिवंडी-मालेगावकडच्या डीटीपीवाल्याला एकाच पत्रकात मराठी, उर्दू आणि इंग्रजी सांभाळावं लागतं. आलेला उर्दू मजकूर त्याने नोटपॅडमध्ये टाकला की गोंधळ सुरू होतो. वाक्याच्या शेवटचं उद्गारचिन्ह सुरुवातीला जाऊन बसतं. इंग्रजी अंकांतली १५-०८-१९४७ ही तारीख १९४७-०८-१५ अशी दिसते. मग चिन्ह कापून ‘योग्य’ जागी चिकटवायचा मोह होतो. नेमकं तेच करू नये.

कारण फाइलमध्ये अक्षरं टाइप केलेल्या क्रमानेच असतात. पडद्यावर कोण डावीकडे, कोण उजवीकडे, हे एडिटर युनिकोडच्या नियमांनुसार दाखवताना ठरवतो. अक्षरांची दिशा पक्की असते. उद्गारचिन्ह आणि कंसांना मात्र स्वतःची दिशा नाही. ती शेजारच्या अक्षरांकडे बघतात, वाक्याच्या टोकाला असली तर परिच्छेदाच्या दिशेकडे. नोटपॅडने परिच्छेद डावीकडून धरला की उद्गारचिन्ह उजव्या टोकाला जातं, म्हणजेच उर्दू वाचकाच्या सुरुवातीला. उर्दूचा स्वतःचा पूर्णविराम तेवढा हलत नाही, कारण युनिकोड त्याला अक्षरांतच धरतं. हाताने हलवलेलं चिन्ह इथे बरोबर दिसेल, पण दिशा नीट ओळखणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये खरोखरच चुकेल.

तेव्हा दिशा बदला. मजकूर उजवीकडे सरकवणं म्हणजे दिशा बदलणं नव्हे. निम्मा वेळ इथेच वाया जातो. नोटपॅडमध्ये उजव्या क्लिकच्या मेनूत उजवीकडून वाचण्याचा पर्याय आहे. उर्दू कीबोर्ड बसवलेला असेल तर उजवीकडचं कंट्रोल आणि शिफ्ट दाबूनही काम होतं. काही प्रोग्रॅम परिच्छेदातलं पहिलं अक्षर पाहून दिशा ठरवतात. तिथे उर्दू वाक्य इंग्रजी नावाने सुरू झालं की सगळा परिच्छेद डावीकडून धरला जातो.

तारखेचं दुखणं वेगळं. उर्दू अक्षरांमागून आलेले इंग्रजी अंक अरबी अंकांच्या नियमाने चालतात, आणि तो नियम आडव्या रेघेला अंकांशी जोडत नाही. रेघेजागी तिरकी रेघ दिली तर तारीख अखंड राहते. रेघच हवी असेल तर तारखेआधी एलआरएम (लेफ्ट-टू-राइट मार्क) हे अदृश्य चिन्ह घालावं. गंमत म्हणजे तीच तारीख देवनागरी अंकांत लिहिली तर बिघडतच नाही, कारण आपल्या अंकांना युनिकोडने अक्षरांसारखी डावीकडून उजवीकडे अशी पक्की दिशा दिली आहे.

अक्षरंच सुटी आणि उलटी दिसत असतील तर दोष मजकुरात शोधू नका. तो एडिटरच बदला. ईमॅक्स या एडिटरला दोन्ही दिशा एकत्र दाखवणं २०१२ मध्ये, २४व्या आवृत्तीत जमू लागलं. व्हिम या एडिटरमधला उजवीकडून लिहिण्याचा पर्याय अख्खी खिडकी उलटवतो, त्यामुळे त्यातलं इंग्रजीही उलटं होतं.

आणि एवढं करूनही एखादी ओळ अडून बसली, तर तिच्यात दिशा जबरदस्तीने बदलणारं अदृश्य चिन्ह आहे का ते पाहा. अशा चिन्हांनी प्रोग्रॅमचा कोड दिसतो एक आणि चालतो भलताच, हे केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी २०२१ मध्ये दाखवलं. त्यानंतर व्हीएस कोड हा एडिटर अशी चिन्हं ठळक करून दाखवू लागला. संशयित ओळ तिथे उघडून बघावी.