‘१-१-३’ बघून काय म्हणाल?

समजा, एका घोड्याचा या सीझनचा रिझल्ट तुमच्यासमोर आहे : १-१-३. म्हणजे दोनदा पहिला आणि शेवटच्या रेसमध्ये तिसरा. दोन आठवड्यांवर त्याची सगळ्यात मोठी रेस आहे. काय म्हणाल? ‘फॉर्म गेला’?

१९७३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत बऱ्याच जणांना हीच शंका आली होती. घोड्याचं नाव सेक्रेटॅरिएट. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच, पण आधी माझी फजिती ऐका.

महालक्ष्मी रेसकोर्सवर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा रेसकार्डावर एका घोड्यापुढे ओळीने तीन एक्के दिसले. हाच जिंकणार, असं ठरवून मी मोकळी! घोडा आला सातवा. शेजारच्या काकांनी कार्डावर बोट ठेवलं, “अगं बाळा, हे तिन्ही एक्के बाराशे मीटरचे. आजची रेस दोन हजारांची होती.”

तर पहिला प्रश्न अंतराचा. बाराशे मीटरला वेग लागतो, इंडियन डर्बीच्या २४०० मीटरला दमही लागतो.

दुसरा प्रश्न ट्रॅकचा. पुण्याचा सीझन पावसाळ्यात असतो, मुंबईचा हिवाळ्यात सुरू होतो. ओल्या, मऊ ट्रॅकवर सुसाट पळणारा घोडा कडक ट्रॅकवर तसाच पळेल, असं नाही. म्हणून ट्रॅक किती मऊ आहे हे पेनेट्रोमीटरने मोजतात.

तिसरा प्रश्न वजनाचा. हँडिकॅप रेसमध्ये वरचं रेटिंग असलेल्या घोड्याला जास्त वजन घेऊन पळावं लागतं. त्यामुळे साठ किलो घेऊन थोडक्यात हरलेला चौथा, पन्नास किलोवाल्या पहिल्यापेक्षा सरस असू शकतो. शिवाय समोर कोण होतं, किती लेंथने हरला, हेही बघायचं.

आणि कागदावर नसलेलं? ते पॅडॉकमध्ये दिसतं. चाल मोकळी आहे का, अंग तुकतुकीत आहे का, की रेसआधीच घामाघूम झालाय?

आता सेक्रेटॅरिएट. त्या ‘३’च्या वेळी त्याच्या ओठाच्या आत गळू झालं होतं. तोंडात लगाम असताना किती दुखत असेल, विचार करा! गळू बरं झालं आणि ५ मे रोजी त्याने केंटकी डर्बी १ मिनिट ५९.४ सेकंदांत जिंकली. तो विक्रम आजही कायम आहे. जूनमध्ये बेलमॉन्ट स्टेक्स, अंतर दीड मैल, म्हणजे जवळपास आपल्या इंडियन डर्बीएवढंच. तिथे तो तब्बल ३१ लेंथने जिंकला.

हे वाचून लगेच पॉकेटमनी लावायला मात्र धावू नका. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलंय खरं, पण ज्यांचं आयुष्य रेसकार्ड वाचण्यात गेलं, तेही हरतात. सेक्रेटॅरिएटसुद्धा डर्बीनंतर त्याच वर्षी पुन्हा हरला होता.

पण कुठेही, कुणाच्याही नावापुढे ‘३’ दिसला, की निकाल देण्याआधी एकदा विचारा : तिसरा का आला?