अडचणींतील बोल्ट आणि योग्य पाना

सुशिक्षित कुटुंबांत मोटार आली कीं तिचा रंग, वेग व किंमत यांची चर्चा घरोघर होते. परंतु तिचा एखादा बोल्ट सोडविण्याची वेळ आली म्हणजे सर्वजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. आमचीहि स्थिति याहून निराळी नव्हती.

वैशाखांत आम्ही सहकुटुंब नागपुराहून वर्ध्यास निघालों होतों. केळझरच्या गणपतीचें दर्शन घेऊन पुढें जातों न जातों तोंच आमच्या जुन्या गाडीच्या पंख्याचा पट्टा तुटला. दुसरा पट्टा जवळ होता. पण तो चढविण्यास वीज तयार करणाऱ्या डायनामोचे बोल्ट सैल करणें अवश्य होतें. वरचा बोल्ट सहज सुटला. खालचा इंजिनाच्या आड, जेमतेम दोन बोटें शिरतील अशा फटींत होता. पुतण्यानें कमीजास्त तोंड होणारा पाना कसाबसा लावून जोर केला. पाना निसटला, त्याच्या बोटांचीं सालें निघालीं आणि बोल्टाचे कोपरे झिजले. गाडींत वृद्ध काकू उन्हानें कासावीस झाल्या होत्या, आणि आम्ही पान्यास नळी अडकवून जोरच वाढवीत होतों!

अखेर जवळच्या गॅरेजमधून एक मिस्त्री आले. त्यांनीं प्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडविली. कारण तेथें पाना चुकून दोन ठिकाणीं टेकला तर ठिणग्या उडतात. बोल्टावर वाळलेली काळी माती खरवडून तेलाचे थेंब सोडले व कांहीं वेळ वाट पाहिली. मग सहा कोनांची गोटी ठोकून नीट बसविली, तिला लांब दांडी जोडली व बाहेरच्या मोकळ्या जागेंत मूठ धरून एकच झटका दिला. बोल्ट सुटला. आमचा हात बोल्टापर्यंत पोंचत नव्हता. त्यांनीं बोल्टाची कळ हातापर्यंत आणली.

यावरून पाना निवडण्याचा क्रम आम्हांस समजला. पहिला प्रश्न मापाचा. १३ मिलिमीटरच्या बोल्टावर अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा, पाना बसत नाहीं. उलट अर्ध्या इंचाच्या बोल्टावर १३ चा पाना सैल पडतो व कोपरे खातो. जुन्या जीपगाड्यांचे बोल्ट इंचांतले व आजच्या गाड्यांचे मिलिमीटरांतले, हें ध्यानांत ठेवावें.

दुसरा प्रश्न पकडीचा. घट्ट बसलेल्या बोल्टास सहा कोनांची गोटी उत्तम. ती कोपऱ्यांवर नव्हे, सपाट बाजूंवर जोर देते. बारा कोनांचा रिंग पाना लवकर बसतो, पण झिजलेल्या डोक्यावर घसरतो.

तिसरा प्रश्न फिरण्यास किती जागा आहे हा. बारा कोनांचा पाना ३० अंश फिरला कीं पुन्हां बसवितां येतो. उघड्या पान्याचें तोंड सामान्यतः १५ अंश तिरपें असतें. तो उलटसुलट लावल्यास तितक्याच जागेंत काम होतें. ७२ दात्यांच्या रॅचेटला तर ५ अंश पुरतात. मात्र रॅचेटनें अडकलेला बोल्ट फोडूं नये. आधीं साध्या दांड्यानें सैल करावा, मग रॅचेट चालवावें. वांकड्या वाटेसाठीं युनिव्हर्सल जोड असतो. तो फार वांकविल्यास गोटी निसटते. शक्तीचा विचार सर्वांत शेवटीं, आणि तीहि पाना आपल्याकडे ओढूनच लावावी. ढकलल्यास हात आपटतो.

त्या दिवशीं सायंकाळीं आम्ही वर्ध्यास पोंचलों. दुसऱ्या दिवशीं मगनवाडींतील मगन संग्रहालय पाहिलें. महात्माजींनीं तें ३० डिसेंबर १९३८ रोजीं उघडलें. याच वर्ध्यास १९३७ च्या ऑक्टोबरांत भरलेल्या परिषदेनें हातच्या उत्पादक कामास शिक्षणाच्या केंद्रस्थानीं ठेवावें, असा ठराव केला होता. तो वाचलेले आम्ही रस्त्यावर मात्र एका बोल्टापुढें हतबल झालों, याची तेथें मनापासून लाज वाटली.

म्हणून घरीं येतांच आम्हीं गोट्यांचा एक साधा संच घेतला. सुटीच्या दिवशीं मुलांना, आणि मुलींनाहि, तो वापरावयास देतों. काकू जवळ खुर्ची टाकून बसतात. पुतण्यानें माप न पाहतां पाना उचलला कीं पहिल्यानें त्याच त्याला टोकतात!