दोन औषधे, एक यकृत

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील ल्युपिन कंपनीच्या कारखान्यात क्षयरोगावरील गोळ्या तयार होतात. या उपचाराचा कणा म्हणजे रिफाम्पिसिन. १९६५ च्या सुमारास इटलीतील मिलान येथे लेपेती कंपनीच्या संशोधकांनी ते सिद्ध केले. असंख्य रुग्णांना जीवदान देणारे हे औषध शरीरातील इतर औषधांचा प्रभाव मात्र कमी करते. ज्यांच्या घरी मधुमेह, हृदयविकार वा रक्तदाबाच्या गोळ्या नित्याच्या आहेत, त्यांनी यामागचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

बहुतेक औषधांची विल्हेवाट यकृतात लागते. तेथील पेशींमध्ये ‘सायटोक्रोम पी-४५०’ या गटातील विकरे, म्हणजेच एन्झाइम्स, औषधाच्या रेणूंची मोडतोड करतात. गोळीची मात्रा ठरते ती या कामाचा नेहमीचा वेग गृहीत धरून. वेग बदलला की गोळी तीच राहते. रक्तातील औषधाचे प्रमाण मात्र बदलते.

रिफाम्पिसिनमुळे यकृत ही विकरे अधिक प्रमाणात निर्माण करू लागते. एक-दोन आठवड्यांत हा परिणाम पूर्णपणे दिसू लागतो. मग वॉरफरिन किंवा असिनोकूमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी औषधे, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या अपुऱ्या पडू लागतात.

खरा धोका पुष्कळदा उपचार संपल्यावर उभा राहतो. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाला क्षयरोग झाला, तर डॉक्टर ‘आयएनआर’ तपासणी पाहून असिनोकूमारॉलची मात्रा वाढवतात. साधारण सहा महिन्यांनी क्षयरोगाचा उपचार पूर्ण होतो आणि घरात समाधान पसरते. परंतु पुढील दोनेक आठवड्यांत विकरे पूर्ववत होतात. वाढवलेली मात्रा आता अतिरिक्त ठरते आणि रक्तस्रावाचा धोका निर्माण होतो. म्हणूनच औषध सुरू झाल्याइतकेच ते थांबल्याचेही डॉक्टरांना कळवणे आवश्यक आहे.

याच्या उलट, काही औषधे विकरांना रोखतात. गजकर्णासाठी दिले जाणारे इट्राकोनाझोल हे त्यांपैकी एक. कोलेस्टेरॉलसाठी सिम्वास्टॅटिन घेणाऱ्याने ते सोबत घेतल्यास सिम्वास्टॅटिन रक्तात साचते आणि स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. अन्नही यातून सुटलेले नाही. पपनसाच्या जवळचे फळ असलेल्या ग्रेपफ्रूटच्या रसाने रक्तदाबाच्या एका औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते, हे १९८९ मध्ये कॅनडातील संशोधकांना योगायोगानेच आढळले. तो रस आतड्याच्या भिंतीतील विकरे निकामी करतो.

त्वचारोगतज्ज्ञ एक, हृदयरोगतज्ज्ञ दुसरे आणि मधली गोळी थेट औषधाच्या दुकानातून, असे अनेक घरांत चालते. तिघांपैकी कोणालाच पूर्ण चित्र दिसत नाही. व्यापारी घराण्यांत प्रत्येक व्यवहाराच्या नोंदीची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तीच औषधांना लावावी. घरातील प्रत्येकाचे एक पान असावे. त्यावर औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची व थांबवल्याची तारीख लिहावी. आयुर्वेदिक औषधे आणि काढेही त्यात नोंदवावेत. हे पान प्रत्येक डॉक्टरांना दाखवावे. शंका आली तरी औषध, विशेषतः क्षयरोगाचे, स्वतःहून बंद करू नये. मात्रेचा निर्णय डॉक्टरांवरच सोपवावा.