अलिबागला जाताय? आधी तिथी बघा!

वीकेंडला अलिबागचा बेत ठरला की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, 'व्हिला कुठला?' मग दोन दिवस स्विमिंग पूल, म्युझिक आणि ऑनलाइन मागवलेला पिझ्झा. परत येताना अलिबाग गाव काही बघितलेलं नसतं! यावेळी एक करा. व्हिला राहू द्या, एक अख्खा दिवस गावात पायी फिरा. फक्त निघण्याआधी कॅलेंडर काढा आणि तारखेऐवजी तिथी बघा.

पाऊणपटीचा हिशोब

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ कळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. भरती पावणेचारला, तर ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास. कुलाबा किल्ल्यात चालत जायला हीच वेळ बेस्ट! अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी पुरतं ओसरत नाही. त्या दिवशी घोडागाडी करावी लागते. हा अंदाज आहे, त्यामुळे किनाऱ्यावर पोचलात की घोडागाडीवाल्या काकांना किंवा जीवरक्षकांना नक्की विचारा. पाणी फिरायला लागलं की 'अजून एक सेल्फी' नको. भरतीत पर्यटक अडकल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतीलच.

बघायचं काय?

किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झालं. आत गणपतीचं देऊळ आहे, तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या तोफा आहेत आणि भर समुद्रात असूनही गोड्या पाण्याचं तळं आहे. शेजारचा छोटा कोट म्हणजे सर्जेकोट. तोही चुकवू नका.

गावात परतलात की सरखेल कान्होजी आंग्रे यांची समाधी गाठा. 1729 मध्ये त्यांचं इथेच निधन झालं. तिथून इस्रायळ आळीत शिरा. बेने इस्रायली ज्यूंचं 'मागेन अबोथ' हे प्रार्थनास्थळ इथे आहे. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून या मंडळींना 'शनिवार तेली' म्हणायचे. किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी त्यांची आडनावं ऐकलीत तर लक्षात येईल, ही माणसं किती इथली आहेत. बरेचजण पुढे इस्रायलला गेले, आळीचं नाव मात्र तसंच राहिलं.

सायन्सवाल्यांसाठी एक बोनस. अलिबागची चुंबकीय वेधशाळा 1904 पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवतेय. मुंबईत विजेवरची ट्राम येणार, तिने कुलाब्याच्या वेधशाळेतली मोजमापं बिघडणार, म्हणून ती इकडे हलवली. आत जायचं असेल तर परवानगी आधीच काढा.

खायचं काय?

दुपारी मासळीची थाळी हवीच. 'सन्मान'सारख्या जुन्या खाणावळी आहेत, घरगुती जेवण देणाऱ्या काकू-मावशीही आहेत. मेन्यू कार्ड बाजूला ठेवा आणि 'आज काय ताजं आलंय?' एवढंच विचारा. या भागाची शान म्हणजे जिताडा. मिळाला तर सोडू नका! जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या पापलेटचा हट्ट धरू नका, सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी मागा.

थंडीत गेलात तर पोपटी. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर मसाला लावलेलं चिकन, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडक्यात भरायचं, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेलही नाही. ही शेतात, चार मित्रांत बसून खायची गोष्ट आहे. ओळखीचं कुणी असेल तर आधीच वशिला लावा!

घ्यायचं काय?

फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला लटकलेल्या दिसतील. कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव या गावांतला हा कांदा भात निघाल्यावर लावतात. चवीला गोडसर असतो, कच्चाही खाता येतो. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण नावाला भाव आला की नकलाही येतात. भर पावसाळ्यानंतर, दिवाळीत कुणी 'ताजा अलिबागचा कांदा' विकत असेल तर सावध व्हा. हंगामात घ्या आणि माळा विणून विकणाऱ्या बायकांकडूनच घ्या. एकेक माळ हाताने गुंफलेली असते, त्यामुळे मॉलमध्ये न करणारी घासाघीस इथेही करू नका. घरी आल्यावर पिशवीत कोंबू नका, हवेशीर जागी टांगा.

सोबत सुका जवळा, कोकम आणि कडवे वाल घ्या. गोड आवडत असेल तर 'मयूर बेकरी'त डोकावून नारळी पाक बांधून घ्या.

जायचं कसं?

गेटवेहून मांडव्याला साधारण तासाभरात बोट पोचवते, तिथून बसने अलिबाग. पावसाळ्यात गेटवेची सेवा बंद असते, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो किंवा पनवेल-पेणमार्गे आपली एसटी. सकाळची पहिली बोट पकडा आणि परतीची शेवटची बोट किती वाजता आहे, ते उतरल्याउतरल्याच विचारून ठेवा. सुका जवळा घेतला असेल तर दोन पिशव्यांत बांधा, बोटीतले शेजारी दुवा देतील!