आजीची साक्ष नोंदवून घ्या!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना बुद्ध धम्माची दीक्षा दिली. त्या दिवशी पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशी ओलांडून गेली आहे. ती आपल्याच घरात खाटेवर बसलेली असते. आपण तिला काय विचारतो? 'गोळी घेतली का?' एवढेच!

आम्हीही त्याला अपवाद नव्हतो. परक्यांच्या साक्षी तपासण्यात आमची वकिली गेली, पण घरच्या आजीची साक्ष घ्यायचे सुचले नाही. गेल्या वर्षावासात तिच्यापुढे बसलो आणि विचारले, "आजी, धर्मांतराने काय बदललं?" ती म्हणाली, "त्यात काय सांगाचं हाय, बाबू?" मोठ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. मग आम्ही लहान प्रश्न विचारले. नागपूरला कशी गेलीस? लुगडे कोणते होते? शिदोरीत काय होते? परतल्यावर देव्हाऱ्याचे काय केले?

आजी दोन तास बोलली. पांढऱ्या लुगड्यासाठी तिने हातातले चांदीचे गोट विकले होते. सासऱ्यांनी देव टोपलीत भरून नदीत सोडले. त्या रात्री सासू रडली. देव कोपले तर लेकरांचे काय, हे तिचे भय! आठ दिवसांनी लेकराला ताप आलाच. तेव्हा अंगारा न लावता त्याला दवाखान्यात नेले. ताप उतरला. सासूने पुन्हा देवाचे नाव काढले नाही.

बावीस प्रतिज्ञा आम्हाला पाठ आहेत. पण त्या पाळताना एका अडाणी बाईची किती परीक्षा झाली, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

गावचे दप्तर पाटील-कुलकर्ण्यांनी लिहिले. त्यात आमची माणसे राबणारी म्हणून आहेत, विचार करणारी म्हणून नाहीत. म्हणूनच ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. ते काम दोघींवर सोडून आपण मोकळे झालो काय?

यात रोकडा व्यवहारही आहे. जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजोबांच्या नातवाने कागद कुठून आणावा? अशा वेळी एखादी म्हातारीच सांगते की, चुलत सासरा अमुक गावच्या शाळेत दोन वर्षे होता. मग तिथल्या दाखलखारीज रजिस्टरात नाव सापडते. म्हातारी गेली की वाटही बुजते.

म्हणून बांधवांनो, हातातला मोबाईल सत्कारणी लावा. आधी तारीख, गाव, नाव बोलून घ्या. तिच्या तोंडी आपले शब्द घालू नका. ती रडली तर थांबा. १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह, १९७२ चा दुष्काळ, नामांतराचा लढा, सारे विचारा. एक प्रत विहारात ठेवा.

न्यायालय पुढची तारीख देते. काळ देत नाही.

जयभीम!