फ्री केलं, पण कोणाचं?

ओपनएसएसएल ही सी भाषेतली लायब्ररी वापरायला लागलं की पहिला सल्ला हमखास मिळतो: 'न्यू'ने घेतलं ते 'फ्री'ने सोडायचं, झालं. या एका सल्ल्यावर मी बरेच दिवस काढले.

मग एका सर्व्हरची मेमरी रोज चढू लागली. बेस६४ उलगडण्यासाठी दोन बायो ऑब्जेक्ट साखळीसारखी जोडली होती. वर बेस६४चं, खाली मेमरीचं. शेवटी 'बायो_फ्री'ही न चुकता लिहिलेलं. वरची कडी सोडली की खालची आपोआप सुटते, हा माझा समज. प्रत्यक्षात 'बायो_फ्री' एकच कडी सोडतं. अख्ख्या साखळीसाठी 'बायो_फ्री_ऑल' आहे. दर रिक्वेस्टला एक कडी मागे राहत होती, आणि कंपायलर चकार शब्द काढत नव्हता.

उलट बाजूचा गैरसमज जास्त घातक: हाती आलेला प्रत्येक पॉइंटर आपणच फ्री करायचा. 'एक्स५०९_गेट_सब्जेक्ट_नेम' सर्टिफिकेटच्या आतलाच पॉइंटर देतं. तो फ्री केलात तर पुढे सर्टिफिकेट सोडताना तीच मेमरी दुसऱ्यांदा फ्री होते. 'एक्स५०९_गेट_पबकी' मात्र कीचा रेफरन्स काउंट एकने वाढवून देतं, म्हणून ती सोडणं आपल्याकडे. नावात दोन्हीकडे नुसतं 'गेट'. माणसाने ओळखायचं कसं? नव्या नावांत म्हणून 'गेट०' आणि 'गेट१' असतं: शून्य म्हणजे नुसतं बघायला दिलं, एक म्हणजे तुमचाही वाटा धरला. तो वाटा 'फ्री'ने परत केला तरी ऑब्जेक्ट लगेच जात नाही. काउंट शून्यावर आला की जातं.

नल पॉइंटर फ्री केला तर क्रॅश होईल, ही भीतीही नको. तिथे काहीच होत नाही.

आणि फ्री म्हणजे पुसलं असं तर मुळीच नाही. बफरमधला पासवर्ड फ्री झाल्यावरही मेमरीत पडून राहू शकतो. आधी 'मेमसेट' मारावं, तर हा बफर पुढे कोणी वाचत नाही असं पाहून ऑप्टिमायझर ती ओळच उडवू शकतो. त्यासाठी 'ओपनएसएसएल_क्लेन्झ' आहे, मोठ्या आकड्यांसाठी 'बीएन_क्लिअर_फ्री'.

एवढं सांभाळूनही लायब्ररीच चुकली तर? फेब्रुवारी २०२३ मध्ये ३.०.८ आवृत्तीत अशीच एक चूक दुरुस्त झाली. आत काहीच डेटा नसलेली पेम फाइल दिली की 'पेम_रीड_बायो_ईएक्स' अपयश कळवायचं, पण आधीच फ्री केलेल्या बफरचा पॉइंटर कॉलरच्या हाती ठेवायचं. मग जो शिस्तीत फ्री करायचा, नेमका त्याचाच प्रोग्राम कोसळायचा.