वेगवान काडतुसाची ओसरती चलती

रायफली बनवणारी रुगर आणि नेब्रास्का राज्यातल्या ग्रँड आयलंड गावची हॉर्नडी ही दारूगोळा कंपनी, या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून २००४ साली एक नवे काडतूस बाजारात आणले. त्याचे नाव ‘.२०४ रुगर’. नावातला आकडा गोळीचा इंचांतला व्यास सांगतो. मिलिमीटरमध्ये तो ५.१८ भरतो. कंपनीच्या आकड्यांनुसार जेमतेम दोन ग्रॅमची ही गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा तिचा वेग सेकंदाला १,२८८ मीटर असतो. हा वेग आवाजाच्या वेगाच्या जवळजवळ पावणेचारपट आहे. नेमक्या याच व्यासाच्या गोळीसाठी मोठ्या कंपनीने बनवलेले हे पहिलेच सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मधोमध ठिणगी पडणारे, काडतूस होते आणि आल्या आल्या ते लोकप्रिय झाले.

मोठ्या शिकारीसाठी ते नव्हतेच. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशात बिळे करून राहणारे प्रेअरी डॉग आणि मेंढ्या-वासरांवर हल्ला करणारे कायोटी यांना तिथले पशुपालक उपद्रवी मानतात. असे छोटे प्राणी दोनशे-तीनशे मीटरांवरून टिपण्यासाठी हे काडतूस घडवले गेले. आता वीस वर्षांनंतर याच वर्गातली नवी काडतुसे वेगळ्या दिशेने निघाली आहेत. .२०४ ची चलती ओसरली आहे का? माझ्या मते ओसरली आहे. पण ज्या भौतिकशास्त्रावर ते उभे होते ते आजही तितकेच खरे आहे, आणि म्हणूनच त्याची कहाणी समजून घेण्यासारखी आहे.

ऊर्जा तेवढीच, वाटणी वेगळी

गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते. .२०४ ची ३२ ग्रेनची, म्हणजे २.०७ ग्रॅमची गोळी घेऊन हिशोब केला तर नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा सुमारे १,७२० जूल येते. अमेरिकेत कुठल्याही दुकानात सहज मिळणारे काडतूस म्हणजे .२२३ रेमिंग्टन. त्याची ३.५६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९८८ मीटर वेगाने जाते आणि तिची ऊर्जा सुमारे १,७४० जूल भरते. म्हणजे दोघांची ऊर्जा जवळजवळ सारखीच. एकाने ती वेगात घातली, दुसऱ्याने वजनात.

संवेगात मात्र दोघांत चांगलाच फरक पडतो, कारण तिथे वेगाचा वर्ग होत नाही. .२०४ च्या गोळीचा संवेग .२२३ पेक्षा जवळपास पाव हिस्स्याने कमी आहे. खांद्याला बसणारा धक्का मुख्यतः या संवेगावर ठरतो. धक्का कमी असला की चाप ओढल्यावरही दुर्बिणीतले दृश्य जागचे फारसे हलत नाही आणि गोळी कुठे लागली हे नेमबाजाला स्वतःला दिसते. लांबवर नेम धरणाऱ्यासाठी ही मोठी सोय होती. .२०४ वर लोकांचा जीव जडला त्यात या सोयीचा वाटा वेगाइतकाच होता.

गोळीची फिरकीही थक्क करणारी आहे. नळीच्या आतल्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि त्यामुळे तिचे टोक पुढेच राहते. .२०४ च्या नळीत सहसा बारा इंचांत एक फेरा एवढा पीळ असतो. वरच्या वेगाशी त्याचा हिशोब घातला तर गोळी मिनिटाला अडीच लाखांहून अधिक वेळा गरगरते. तिच्या पृष्ठभागावरच्या कणाला केंद्राकडे धरून ठेवायला गुरुत्वाकर्षणाच्या पावणेदोन लाख पटींहून जास्त त्वरण लागते. अशी पातळ कवचाची गोळी लक्ष्यावर किंवा जमिनीवर आदळताच तिचे तुकडे उडतात. ती सहसा उसळी घेऊन भलतीकडे जात नाही, आणि मोकळ्या माळावर गुरे व माणसे वावरत असताना ही सुरक्षिततेची बाब ठरते.

पडणे आणि ढळणे

वेगाचा मोठा फायदा म्हणजे सपाट मार्ग. नळीतून सुटलेली गोळी सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते. तीनशे मीटर जायला तिला ०.३० सेकंद लागले तर ती ४४ सेंटिमीटर पडते. ०.४० सेकंद लागले तर पडणे ७८ सेंटिमीटरवर जाते. अंतर नजरेनेच जोखायचे असेल तर पडणे जितके कमी, तितकी अंदाजातली चूक पोटात घालता येते. विसाव्या शतकातल्या बहुतेक वेगवान काडतुसांच्या मुळाशी हाच विचार होता.

वाऱ्याचा हिशोब वेगळा आहे. आडव्या वाऱ्याने गोळी किती ढळेल हे ती हवेत एकूण किती वेळ होती यावरून ठरत नाही. हवेच्या विरोधामुळे तिला किती उशीर झाला यावरून ते ठरते. समजा गोळी सेकंदाला १,२०० मीटर वेगाने सुटली. निर्वातात तिने तीनशे मीटर ०.२५ सेकंदांत कापले असते, पण हवेत तिला ०.३० सेकंद लागले. उशीर झाला ०.०५ सेकंदांचा. वारा सेकंदाला चार मीटरचा असेल तर गोळी २० सेंटिमीटर बाजूला जाईल. हा उशीर कमी करायचा तर गोळी नुसती वेगवान असून भागत नाही. ती लांब, निमुळती आणि व्यासाच्या मानाने जड हवी.

.२०४ ची ४० ग्रेनची गोळी या कसोटीवर बऱ्यापैकी उतरते. हवेचा विरोध भेदण्याची तिची क्षमता .२२३ च्या ५५ ग्रेनच्या गोळीपेक्षा थोडी सरसच आहे. पण तिच्यापुढे जायची वाट अरुंद आहे. याहून फार जड गोळी घ्यावी तर ती लांब होते, लांब गोळीला स्थिर ठेवायला अधिक घट्ट पीळ लागतो आणि बाजारातल्या .२०४ च्या नळ्या बारा इंची पिळाच्या. गोळीची लांबी आणि पीळ यांचे हे नाते वूलिचचे गणितज्ञ आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी १८७९ मध्येच सूत्रात बांधले होते.

लेसरने पारडे फिरवले

.२०४ आल्यानंतरच्या वर्षांत लेसरने अंतर मोजणारी छोटी उपकरणे स्वस्त झाली आणि सामान्य नेमबाजांच्या खिशात आली. अंतर नेमके कळले की गोळी किती पडेल हे गणिताने सांगता येते. मोबाइलमधले ॲप ते क्षणात सांगते आणि दुर्बिणीवरची नेम जुळवण्याची चकती तेवढीच फिरवायची. सपाट मार्गाचे मोल त्यामुळे घटले. वारा मात्र तसाच राहिला, कारण नळीपासून लक्ष्यापर्यंत तो जागोजागी वेगवेगळा वाहतो आणि त्याचे मोजमाप एका यंत्राने होत नाही. साहजिकच मागणी वाऱ्याला दाद न देणाऱ्या जड, लांब गोळ्यांकडे वळली.

नव्या काडतुसांत हे स्पष्ट दिसते. फेडरल कंपनीचे .२२४ व्हॅल्कीरी ९० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या आणि सात इंचांत एक फेरा एवढा घट्ट पीळ धरून आखले गेले. २०२४ मध्ये आलेले .२२ एआरसी हे खुद्द हॉर्नडीचे काडतूसही ८८ ग्रेनपर्यंतची गोळी घेते. ज्या कंपनीने .२०४ ला घडवले तिनेच वीस वर्षांनी दुसरी वाट धरली. .२०४ च्या चलतीबद्दल याहून बोलका पुरावा मला दिसत नाही.

असे पूर्वीही घडले आहे. विंचेस्टरने १९३५ मध्ये आणलेल्या .२२० स्विफ्टचा वेग सेकंदाला १,२५३ मीटर होता आणि त्या काळात तो अचाट मानला जाई. पण नळी लवकर झिजवणारे काडतूस अशी त्याची ख्याती झाली. तापलेला दारूचा वायू काडतुसाच्या कप्प्यालगत, अरुंद नळीच्या सुरुवातीशी पोलाद खात जातो, हे या वर्गाचे जुनेच दुखणे. १९६४ मध्ये विंचेस्टरने आपली ‘मॉडेल ७०’ रायफल नव्याने आखली तेव्हा स्विफ्टला वगळले. पुढच्याच वर्षी रेमिंग्टनने .२२-२५० हे काडतूस कारखान्यात बनवायला घेतले. वेगात ते किंचित मागे होते, पण टिकले तेच.

पुंगळी कुणाची?

काडतुसाचे आयुष्य पितळी पुंगळीवरही अवलंबून असते. .२०४ ची पुंगळी १९५८ च्या .२२२ रेमिंग्टन मॅग्नम या काडतुसावरून घेतली आहे. त्याचे मूळ अमेरिकी सैन्याच्या एका प्रयोगात होते. सैन्याने अखेर त्याच्या आखूड भावंडाची निवड केली, आणि तेच .२२३ व ५.५६ मिलिमीटर म्हणून जगभर गेले. मॅग्नम मागे पडले. .२०४ ने वारसा घेतला तो या हरलेल्या शाखेचा.

परिणाम अगदी व्यावहारिक आहे. .२२३ च्या वापरलेल्या पुंगळ्या अमेरिकेतल्या नेमबाजीच्या मैदानांवर ढिगाने पडलेल्या असतात. घरी काडतुसे पुन्हा भरणारे लोक त्या गोळा करतात. पण .२२३ ची पुंगळी ४४.७ मिलिमीटरची आणि .२०४ ची ४७ मिलिमीटरची. आखूड पुंगळी ताणून लांब करता येत नाही. म्हणून काही हौशी लोकांनी .२२३ च्याच पुंगळीची मान बारीक करून ‘.२० प्रॅक्टिकल’ असे घरगुती काडतूस तयार केले. गोळी तीच, वेग जवळजवळ तोच, पितळ मात्र मुबलक. २०२० आणि २०२१ मध्ये अमेरिकेत दारूगोळ्याची मोठी टंचाई झाली तेव्हा कारखान्यांनी आधी सर्वाधिक खपाची काडतुसे बनवली. थोड्या खपाची काडतुसे दुकानांतून दिसेनाशी झाली. काडतूस मिळेना म्हटल्यावर नवा ग्राहक त्या व्यासाची रायफल कशाला घेईल?

आपल्याकडेही काडतुसाचे भाग्य असेच बाहेरच्या कारणांनी ठरले आहे. .३०३ हे लष्करी काडतूस सामान्य नागरिकांना वर्ज्य, म्हणून ब्रिटिश काळापासून परवानाधारकांकडे .३१५ च्या रायफली आल्या आणि त्यांची काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनत आली. .३१५ टिकले ते कायद्यामुळे आणि कारखान्यामुळे.

शिशाचा प्रश्न

मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे कारण मात्र बाजाराबाहेरचे आहे. आदळताच फुटणारी गोळी म्हणजे शिशाचे शेकडो बारीक कण. मारलेले प्रेअरी डॉग बहुधा जागीच टाकून दिले जातात आणि गरुड, ससाणे ते खातात. वायोमिंग विद्यापीठाच्या संशोधकांचा याविषयीचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. फुटणाऱ्या गोळ्यांनी मारलेल्या प्रेअरी डॉगपैकी ८७ टक्क्यांच्या शरीरात गोळीचे तुकडे सापडले. न फुटणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत हे प्रमाण ७ टक्के होते. सुरक्षित म्हणून वाखाणलेला गुणच मेलेले खाणाऱ्या पक्ष्यांसाठी विष ठरतो. कॅलिफोर्नियातल्या काँडोर गिधाडांची संख्या १९८२ मध्ये अवघ्या २२ वर आली होती, आणि आजही शिशाची विषबाधा हे त्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण आहे. त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून सर्व प्रकारच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली.

खुद्द प्रेअरी डॉगकडे पाहण्याची दृष्टीही बदलली आहे. काळ्या पायांचे फेरेट जवळजवळ पूर्णपणे त्याच्यावरच जगतात. ते नामशेष झाल्याची भीती असताना १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मीटीत्सीजवळ त्यांची शेवटची वस्ती सापडली. घुबडे आणि ससाणे यांचेही पोट किंवा घर प्रेअरी डॉगच्या बिळांशी जोडलेले आहे. त्यात बाहेरून आलेल्या प्लेगने प्रेअरी डॉगच्या वसाहतीच्या वसाहती संपतात. ज्या प्राण्याला फक्त उपद्रवी समजून काडतुसे घडवली, त्याच्यावर अख्खा गवताळ प्रदेश तोललेला आहे हे आता कळते आहे.

शिशाला पर्याय तांब्याचा, पण इथेही भौतिकशास्त्र आडवे येते. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, तांब्याची ९ पटींच्या आसपास. तेवढ्याच वजनाची आणि व्यासाची तांब्याची गोळी सुमारे पाव हिस्सा लांब होते आणि लांब गोळीला घट्ट पीळ लागतो. हॉर्नडीने .२०४ साठी शिसेविरहित गोळी काढली ती फक्त २४ ग्रेनची, दीड ग्रॅमहून किंचित जड. वेग सेकंदाला १,३४० मीटर, पण इतकी हलकी गोळी हवेत तो वेग फार लवकर गमावते. लांब पल्ल्यावर .२०४ ची जी ताकद होती ती इथे उणी पडते.

म्हणून .२०४ पुढची काही दशके त्याच्या निष्ठावंतांपुरते उरेल, असे मला वाटते. ज्यांच्याकडे रायफल आहे ते ती वापरतील, कारखाने मधूनमधून एखादी खेप काढतील. ते वाचायचे असेल तर घट्ट पिळाच्या नळ्या आणि त्यांत स्थिर राहणाऱ्या शिसेविरहित गोळ्या हाच मार्ग आहे, आणि तो अभियांत्रिकीला अशक्य नाही. तो कुणी धरला नाही तर या काडतुसाच्या जाण्याचे मला फारसे दुःख वाटणार नाही. कुठल्याही साधनाचा कस त्याच्या वेगावर जसा लागतो, तसा ते मागे काय सोडून जाते यावरही लागला पाहिजे.